दुरुस्तीचा हक्क, दुरुस्तीचा भार

नागपूरहून भंडाऱ्याकडे निघाले की कन्हानच्या काठावर मौदा लागते. बाहेरच्या माणसाला हे गाव ठाऊक असते ते एनटीपीसीच्या २,३२० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्रामुळे. तालुक्यातल्या माणसाला मात्र इथली तहसील, पंचायत समिती आणि न्यायालय अधिक जवळचे. धुऱ्याच्या वादाचा दावा दाखल झाला की त्याची नोंद संगणकात होते आणि त्याला अक्षरे व आकडे मिळून सोळा चिन्हांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो मोबाइलमध्ये टाकला की पुढची तारीख कोणती, हे धानाच्या बांधावर उभ्या उभ्या कळते. ही नोंद ज्या प्रणालीत होते ती ‘केस इन्फर्मेशन सिस्टिम’, म्हणजे सीआयएस, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुण्यातल्या चमूने घडवली. गाभा देशभर एकच आणि त्याच्या कडेला प्रत्येक उच्च न्यायालयाने आपापल्या नियमांप्रमाणे बसवलेला थर, अशी तिची रचना आहे. तिच्या खाली उबुंटू ही लिनक्स प्रणाली आहे आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस. दोन्ही ओपन सोर्स.

पक्षकाराला याची खबर नसते आणि असण्याची गरजही नाही. पण संगणक सांभाळणाऱ्याला आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ही खालची जमीन ओळखावीच लागते. या जमिनीवर आज काय काय उभे आहे, वाद कुठे आहेत आणि कोणते प्रश्न सुटलेले नाहीत, याचा हा आढावा.

आधी एक शब्द नीट लावून घ्यायला हवा. ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ यांत मराठी माणसाची गल्लत व्हायचे कारण नाही. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्याने मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना वर्षानुवर्षे खुलासा करत राहावे लागले. तरीही आपल्या कार्यालयांत ओपन सोर्सची ओळख ‘पैसे न लागणारे सॉफ्टवेअर’ अशीच रुजली आणि पुढचा पुष्कळसा गोंधळ तिथूनच निघाला. पैसे वाचणे हा फायदा खराच. पण मूळ देणे वेगळे आहे: वस्तू बिघडली तर ती उघडून पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि दुरुस्त केलेली दुसऱ्याला देण्याचा हक्क. आजचे बहुतेक वाद या हक्काविषयी नाहीत. हक्क सगळ्यांचा असला तरी दुरुस्तीचा भार कोणी उचलायचा, यावर ते आहेत.

सीडीपासून शासकीय धोरणापर्यंत

स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठीचा जीपीएल परवाना आला. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा खुला केला. ‘ओपन सोर्स’ हे नाव १९९८ चे. हा इतिहास अनेकदा सांगून झाला आहे. महाराष्ट्रातला तुकडा त्या मानाने कमी सांगितला जातो.

टेलिफोनच्या मोडेमवर इंटरनेट चालायचे त्या काळात लिनक्स आपल्याकडे आले ते सीडीवरून, हातोहात. पुण्या-मुंबईत वापरकर्त्यांचे गट तयार झाले. पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत ‘ग्नूनिफाय’ हा मेळावा अनेक वर्षे भरत आला. मुंबईतून जी. करुणाकर, वेंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी ‘इंडलिनक्स’ सुरू केले. संगणकाचा पडदा भारतीय भाषांत बोलावा, हा त्याचा हेतू. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले नागार्जुन जी. हे २००१ मध्ये सुरू झालेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाच्या बिनीच्या कार्यकर्त्यांपैकी.

भाषेचे काम किती बारीक असते, हे एका अक्षरावरून कळते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘शेतकऱ्याला’ या शब्दांतला आडवा, पापणीसारखा अर्धा र हिंदीत नाही. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ यांत मराठी वाचक जो फरक करतो, तो संगणकालाही करता आला पाहिजे. त्यासाठी युनिकोडमध्ये नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडायचे ठरले आणि तो जोड नीट उमटवण्याची सोय फॉन्टमध्ये करावी लागली. मराठी ल आणि श यांची वळणेही हिंदीहून वेगळी. रेड हॅटने २००४ मध्ये जीपीएलखाली खुली केलेली ‘लोहित’ ही फॉन्टमाला पुढे याच कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी सांभाळली आणि २०११ मध्ये ती फॉन्टसाठीच्या खुल्या परवान्यावर आली. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’, आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ हे त्याच वाटेवरचे. सरकारी कागद जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना ज्याने रात्री घालवल्या आहेत, त्याला या कामाचे मोल सांगायला नको.

आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले दोन प्रकल्प वेगळ्या अंगाने महत्त्वाचे. ‘फॉसी’ने महागड्या गणिती आणि विद्युत आरेखनाच्या पॅकेजांना साय-लॅब, ई-सिम असे पर्याय दिले, पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणे विद्यार्थ्यांकडून साय-लॅबमध्ये लिहून घेतली आणि त्याचे मानधनही दिले. ‘स्पोकन ट्युटोरियल’ने लिनक्स, लिबर-ऑफिस, पायथन हे विषय दहा-दहा मिनिटांच्या चित्रफितींत बसवून मराठीसह भारतीय भाषांत आणले. ऐकत ऐकत शेजारच्या खिडकीत स्वतः करून पाहायचे, ही त्यांची पद्धत.

याच काळात गावोगावी संगणक पोचवला तो एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीने. मौद्यासारख्या गावांतल्या कितीतरी मुला-मुलींनी पहिल्यांदा माऊस हातात धरला तो याच वर्गात, आणि हे श्रेय मोठे आहे. मात्र त्या शिकवणीचा भर विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर होता. संगणक म्हणजे हेच, अशी एका पिढीची समजूत झाली आणि लिनक्स तिच्यासमोर आला तो नोकरीला लागल्यावर, बहुतेकदा अचानक.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्सच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. निविदेत ओपन सोर्सचा विचार करण्याची अट घालावी आणि पुरवठादाराने तो पर्याय वगळला तर कारण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. कारण द्यावे, इतकेच. ते कारण पटणारे आहे का, हे कोणी तपासायचे, ही गोष्ट प्रत्यक्षात खात्यागणिक बदलते.

पिशवीत काय काय आहे

गवंड्याची पिशवी पाहिली की कामाचा अंदाज येतो. संगणक सांभाळणाऱ्याचेही तसेच आहे.

एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चाळीस संगणक आहेत आणि परीक्षेआधी सगळ्यांवर सारखेच सॉफ्टवेअर हवे आहे, असे समजा. एकेक करत बसले तर आठवडा जातो. तैवानमध्ये तयार झालेले ‘क्लोनझिला’ पेन ड्राइव्हवर घ्यायचे, एक संगणक मनासारखा लावायचा, त्याच्या डिस्कची प्रतिमा काढायची आणि जाळ्यावरून ती एकाच वेळी उरलेल्या सगळ्यांवर सोडायची. पडद्यावर रेघा सरकत राहतात आणि दुपारचा चहा होईतो खोली तयार. सगळ्या यंत्रांची नावे मात्र नंतर बदलावी लागतात. ते विसरले की जाळ्यावर एकाच नावाची चाळीस यंत्रे दिसू लागतात आणि उरलेला दिवस त्यात जातो.

दुसरी गोष्ट विजेची. वीज केंद्र उशाशी असले तरी वादळात फीडर जायचा तो जातोच. वीज गेली की यूपीएस सर्व्हरला काही मिनिटे धरून ठेवतो. त्या मिनिटांत सर्व्हर रीतसर बंद झाला नाही तर डेटाबेस मोडण्याची भीती. ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ हे साधन, ओळखीत ‘नट’, यूपीएसशी तारेने बोलत राहते. त्याची स्थिती ‘ओएल’ वरून ‘ओबी’ झाली, म्हणजे यंत्र आता बॅटरीवर आले. तिला ‘एलबी’ जोडले गेले की बॅटरी तळाला. तेव्हा ते आधी जोडलेली दुय्यम यंत्रे बंद करायला लावते, ती गेल्याची खात्री करते आणि शेवटी मुख्य सर्व्हर मिटवते. विदर्भातल्या मे महिन्यात, रात्री दोन वाजता, कोणी खोलीत नसताना हे आपोआप घडते. अशा साधनाची जाहिरात कोणी करत नाही. या पिशवीतले सर्वांत कमी कौतुक झालेले साधन हेच असावे.

उरलेली यादी ओळखीची आहे. जाळ्यावर कोणते दार उघडे आहे ते पाहायला १९९७ पासूनचे ‘एनमॅप’. तारेतून नेमके काय वाहते ते उलगडायला ‘वायरशार्क’. लांबच्या सर्व्हरवर जायला ‘ओपनएसएसएच’ आणि विंडोजवरून ‘पुटी’. देखरेखीसाठी लॅटव्हियातून आलेले ‘झॅबिक्स’, किंवा ‘प्रोमिथियस’ आणि ‘ग्राफाना’ ही जोडी. शंभर सर्व्हरांवर एकच बदल एकसारखा करायला ‘अ‍ॅन्सिबल’. फायरवॉलसाठी ‘ओपीएनसेन्स’. एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवायला व्हिएन्नातले ‘प्रॉक्समॉक्स’: ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतली आणि कायमचे परवाने विकणे थांबवले, तेव्हापासून लहानमोठ्या सर्व्हर खोल्यांत याची चौकशी बरीच वाढली.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या पिशवीत सर्वांत वर ‘गिट’. त्याचा जन्मच एका परवान्याच्या भांडणातून झाला. लिनक्सचे काम ज्या ‘बिटकीपर’वर चालायचे, त्याची मोफत सवलत २००५ मध्ये काढून घेतली गेली आणि टोरवाल्ड्स यांनी काही दिवसांत स्वतःचे साधन लिहून काढले. आज पुण्यातल्या हिंजवडीपासून नागपूरच्या मिहानपर्यंत कोड त्याच्याच भरवशावर लिहिला जातो. डॉकर २०१३ चे, कुबरनेटीस २०१४ चे. त्या परिसरात पुण्याच्या इन्फ्राक्लाउडने ‘फिशन’ सांभाळले आणि ‘बॉटक्यूब’ घडवले.

महाराष्ट्रातून आलेले सर्वांत ठळक नाव मात्र ‘ईआरपीनेक्स्ट’. मुंबईच्या रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचर व्यवसायाची गरज पाहता पाहता हा धागा पकडला आणि २००८ मध्ये फ्रॅपे कंपनी सुरू झाली. हिशेब, माल, पगार यांचे हे पॅकेज जीपीएलखाली आहे. त्याच्या बुडाशी असलेले ‘फ्रॅपे फ्रेमवर्क’ एमआयटी परवान्याखाली. कोड सगळ्यांना खुला, कमाई होस्टिंग आणि सेवेतून. ‘दुकान उघडे ठेवले तर गल्ला कसा जमेल’ या नेहमीच्या शंकेला आपल्या मातीतले हे चालते उत्तर आहे.

ज्यांचे म्हणणे ऐकायला हवे ते

पुरस्कर्त्यांची बाजू अशी. सार्वजनिक पैशातून घेतलेली प्रणाली एका विक्रेत्याच्या मुठीत असू नये. न्यायालयाची नोंद पन्नास वर्षांनी वाचता आली पाहिजे आणि बंद स्वरूपातली फाइल तेवढी टिकेल याची हमी नाही. भाषेचेही तेच: कंपनीला मराठीच्या अर्ध्या र मध्ये नफा दिसेपर्यंत थांबायचे, की फॉन्ट उघडून तो स्वतः घालायचा? हा युक्तिवाद भक्कम आहे आणि लोहितचा इतिहास त्याच्या बाजूने उभा आहे.

दुसरी बाजू कार्यालयात बसून रोज फोन घेणाऱ्यांची. राइस मिलच्या मालकाचा हिशेब टॅलीवर असतो आणि टॅली विंडोजवर. निविदा भरताना लागणारी डिजिटल स्वाक्षरीची डोंगल, जुना प्रिंटर, बायोमेट्रिकचे यंत्र यांची ड्रायव्हर सॉफ्टवेअरे लिनक्सवर कधी मिळतात, कधी नाही. परवान्याचे पैसे वाचले, पण प्रशिक्षणावर आणि नागपूरहून माणूस बोलावण्यावर ते गेले, तर हाती काय उरले? शिवाय साहेबांची बदली झाली की नवे साहेब जुनेच सॉफ्टवेअर मागतात. या बाजूला मागासलेपणाचे नाव देणे सोपे असते. प्रत्यक्षात ही माणसे एकच गोष्ट विचारत असतात: सकाळी अकरा वाजता बंद पडले तर फोन कोणाला लावायचा?

तिसरी बाजू व्यवहारी. ती सांगते की भांडण मिटलेलेच आहे. सर्व्हरवर लिनक्स जिंकला, टेबलावर विंडोज राहिला आणि मायक्रोसॉफ्टनेही ‘व्हीएस कोड’चा स्रोत एमआयटी परवान्याने खुला केला. यात एक बारकावा असतो. तयार मिळणारे व्हीएस कोड मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या परवान्याखाली येते. खुल्या स्रोतातून बांधलेले हवे तर ‘व्हीएसकोडियम’ घ्यावे लागते. खुल्या साधनांवर बांधलेली गोष्ट आणि स्वतः खुली असलेली गोष्ट, या दोन वेगळ्या. निविदा लिहिणाऱ्याने हा फरक ओळखला नाही तर नंतर सुधारायला जागा राहत नाही.

परवाना फिरला तर

गेल्या काही वर्षांत सर्वांत मोठी खळबळ इथे झाली. २०१८ मध्ये मोंगोडीबीने, २०२१ मध्ये इलॅस्टिकने, ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मच्या हॅशिकॉर्पने आणि मार्च २०२४ मध्ये रेडिसने आपले परवाने आवळले. कंपन्यांचे म्हणणे असे की राबायचे आम्ही आणि आमचाच कोड सेवा म्हणून विकून पैसे कमवायचे मोठ्या क्लाउड कंपन्यांनी. वापरकर्त्यांचे म्हणणे असे की खुले म्हणून आम्ही यावर घर बांधले, आता पाया बदलता येणार नाही. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे.

उत्तर आले ते फांदी फोडून. इलॅस्टिकसर्चमधून ‘ओपनसर्च’, टेराफॉर्ममधून ‘ओपनटोफू’, रेडिसमधून ‘व्हॅल्की’. पुढे इलॅस्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय देऊन पुन्हा खुल्या परवान्याचे दार उघडले. दुरुस्तीचा आणि वाटपाचा हक्क कागदावरचा नसून वापरता येतो, हे यातून दिसले. पण फांदी फोडायला मनुष्यबळ लागते. वरच्या तिन्हींमागे मोठ्या कंपन्या किंवा लिनक्स फाउंडेशन होते. लहान साधनाचा परवाना फिरला तर एवढे पाठबळ मिळेलच असे नाही.

परवाना न बदलताही पाया हलू शकतो. रेड हॅटने डिसेंबर २०२० मध्ये सेंटओएस ८ ची मुदत २०२१ अखेरपर्यंत आणल्याचे जाहीर केले, तेव्हा जगभरच्या सर्व्हर खोल्यांत धावपळ उडाली. त्यातून ‘अल्मालिनक्स’ आणि ‘रॉकी लिनक्स’ उभे राहिले. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली.

अर्धा सेकंद

मार्च २०२४ च्या अखेरीस पोस्टग्रेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड एक मोजमाप करत होते. एसएसएचने लांबच्या यंत्रात शिरायला नेहमी ०.३ सेकंद लागत, ते आता ०.८ लागू लागले. अर्धा सेकंद. दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. त्यांनी माग काढला आणि ‘एक्सझेड’ या फाइल आवळणाऱ्या लहानशा साधनात कोणीतरी चोरदार बसवल्याचे उघड झाले. ते बसवणाऱ्याने दोनेक वर्षे मदतनीस म्हणून राबून, थकलेल्या एकट्या सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवला होता. दूषित ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या अजून मुख्य प्रवाहात पोचल्या नव्हत्या, म्हणून अनर्थ टळला.

एकच घटना, पण तिचे दोन अर्थ लावले जातात. कोड उघडा होता म्हणून चोरी पकडली गेली, असे एक म्हणतो. कोड उघडा आणि सांभाळणारा एकटा, म्हणून चोर आत आला, असे दुसरा. हा वाद जुना आहे. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ उघड झाले तेव्हा निम्म्या जगाचे कुलूप असलेल्या ओपनएसएसएलला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणग्या मिळत होत्या, हे कळून लोक हादरले. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग-फोर-जे’ची वेळ आली, तेव्हा सुट्टीच्या दिवसांत जागून दुरुस्ती करणारे पुन्हा स्वयंसेवकच होते.

उपाय दोन दिशांनी चालू आहेत. पैशाच्या बाजूने शेअर दलाली करणाऱ्या झेरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरचा ‘फ्लॉस फंड’ जाहीर केला; भारतातून झालेली या आकाराची ही विरळ घटना. नियमाच्या बाजूने केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, सर्ट-इनने, २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी ठेवण्याविषयी मार्गदर्शन काढले. किराणा पुड्यावर जसे आत काय आहे ते छापलेले असते, तशी ही यादी. युरोपच्या सायबर कायद्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या डिसेंबर २०२७ पासून लागू होतील आणि युरोपात माल विकणाऱ्या पुण्याच्या कंपन्यांनाही त्या पाळाव्या लागतील. खुल्या प्रकल्पांच्या पालकसंस्थांसाठी त्यात वेगळी, हलकी तरतूद आहे. ती पुरेशी हलकी आहे का, यावर मतभेद आहेत.

जे अजून सुटलेले नाही

कृत्रिम बुद्धिमत्तेने जुन्याच प्रश्नाला नवे टोक दिले आहे. खुल्या कोडवर शिकलेल्या यंत्राने तसाच कोड दिला तर मूळ परवान्याचे काय? गिटहब कोपायलटविरुद्धचा खटला २०२२ चा. ओपन सोर्स इनिशिएटिव्हने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘खुल्या एआय’ची व्याख्या केली, पण शिकवणीची मूळ सामग्री द्यावीच लागेल की तिचे वर्णन पुरे, यावर चळवळीतच फूट आहे. आणि ‘कर्ल’ हे खुले साधन सांभाळणारे डॅनियल स्टेनबर्ग यांची तक्रार वेगळीच आहे: यंत्राने लिहिलेल्या खोट्या दोष-तक्रारी निस्तरण्यात सांभाळणाऱ्यांचा वेळ जातो.

आपल्याकडचा प्रश्न याहून साधा आहे आणि कदाचित याहून अवघड. गिटहबवर खाती असलेल्यांत भारताचा क्रमांक अमेरिकेखालोखाल लागतो. वापरणाऱ्यांचा महापूर आणि सांभाळणारे मोजके, ही तक्रार मात्र ओपन सोर्सच्या मेळाव्यांत दरवेळी निघते. तालुक्याच्या गावातून नागपूरच्या आयटी पार्कात पोचलेल्या मुलीला गिट येते, लिनक्स येतो. तिने रात्री बसून लोहितमधला एखादा दोष सुधारला, तर तिच्या वार्षिक मूल्यमापनात त्याला रकाना असतो का? महाविद्यालयात त्याला गुण मिळतात का? फॉसीने मानधन देऊन एक वाट दाखवली, पण ती अजून रस्ता झालेली नाही.

खरेदीचेही तसेच. निविदेत सॉफ्टवेअरची किंमत लिहायला ओळ असते. ते जिथून आले त्या प्रकल्पाला हातभार लावायला क्वचितच असते. ई-न्यायालय प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले. एवढ्या पैशाच्या खाली ज्या साधनांचे बूड आहे, त्यांच्या डागडुजीत देशाचा वाटा किती असावा, यावर अजून गंभीर सार्वजनिक चर्चा झालेली नाही. ती व्हायला हवी आणि ती मराठीतही व्हायला हवी.

दरम्यान तारखा थांबत नाहीत. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना पाच वर्षे साधा आधार मिळतो. २०.०४ चा मे २०२५ मध्ये संपला, २२.०४ चा २०२७ मध्ये संपेल. त्याआधी ही आवृत्ती असलेल्या प्रत्येक तालुका कार्यालयात कोणीतरी बॅकअप घेईल, पेन ड्राइव्ह लावेल, नवी आवृत्ती चढवेल आणि प्रिंटर चालतो का ते पाहील. ‘शेतकऱ्याला’ हा शब्द नीट छापून आला की मग दुसऱ्या टेबलाकडे वळेल.